बुंद आणि विस्तव

दिवाळीच्या चार दिवसांत कोणाची चकली मऊ पडली आणि कोणाचे अनारसे हसले याची चर्चा घरोघर होते. पण फराळाच्या ताटलीशेजारी जो कप ठेवला जातो, त्याची चौकशी कोणी करीत नाही. बहुतेक घरी त्या कपात चहा असतो. काही घरी पाहुण्याचा मान म्हणून कॉफी होते, आणि तीत जायफळ किसून घातले की ती आपल्या मराठी घरातली होऊन जाते. मीही अशाच एका घरात वाढले. कॉफी म्हणजे बाटलीतली तपकिरी पूड, एवढीच माझी समजूत. मुळात ती एक हिरवट बी असते आणि कोणीतरी ती विस्तवावर भाजावी लागते, ही गोष्ट चाळिशी ओलांडेपर्यंत माझ्या कधी मनातही आली नव्हती.

ती ध्यानात आणून दिली आमच्या मजल्यावरच्या आजींनी.

आम्ही दिंडोशीला राहतो. गोरेगाव आणि मालाड यांच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी ही वस्ती पसरली आहे. 2022च्या एप्रिलपासून मेट्रो थांबू लागली, तेव्हापासून दिंडोशी हे नाव पुष्कळांच्या ओठी आले. इथे कोण कुठून येऊन राहिले आहे याचा पत्ता लागत नाही. आजी तंजावरच्या. व्यंकोजीराजांनी 1670 नंतरच्या दशकात तंजावर घेतले आणि 1855पर्यंत तिथे भोसल्यांची गादी होती. त्या काळात दक्षिणेत गेलेल्या मराठी कुटुंबांपैकी हे एक. साडेतीनशे वर्षे तामिळ मुलखात राहूनही घरात मराठी बोलणारी ही माणसे. आजी 1960च्या सुमारास लग्न होऊन माटुंग्याला आल्या, आणि त्यांच्या सामानात एक लोखंडी नळकांडे आले. हातभर लांब, दोन्ही टोके बंद, मधून एक दांडा गेलेला, पोटाला एक सरकती झडप. कोळशाच्या शेगडीवर ते ठेवायचे आणि दांडा फिरवीत बसायचे. आठ दिवसांची कॉफी अर्ध्या तासात भाजून होई.

दिंडोशीच्या इमारतीत आल्यावर कोळशाची शेगडी गेली आणि नळकांडे माळ्यावर चढले. पुढे 2021च्या साथीत आजी आजारी पडल्या. त्या बऱ्या झाल्या, पण त्यांचा वास गेला तो परत आला नाही. कडू, आंबट जिभेला कळे. सुगंध मात्र कायमचा हरपला. एके दिवशी त्या मला म्हणाल्या, "बाई, तुम्ही पुस्तके लिहिता. मला येत होते ते कोणी लिहून घेतले नाही. आता मलाच ते कळत नाही."

मी पडले मराठी शिकवणारी, शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. कॉफी भाजण्याची विद्या मी काय लिहून घेणार? पण आजींचे ते वाक्य मनात राहिले, आणि त्यापायी मी या बीचा इतिहास धुंडाळू लागले.

आपल्या भाषेत या बीला एक जुना शब्द आहे: बुंद. मोल्सवर्थच्या कोशात तो सापडतो. अरबीतल्या 'बुन्न' शब्दाचे हे मराठी रूप. म्हणजे इंग्रजांकडून 'कॉफी' हा शब्द शिकण्याआधीच ही बी अरबी व्यापाऱ्यांच्या गलबतांतून आपल्या किनाऱ्याला लागली होती. या झाडाचे मूळ घर इथिओपिया. पण तिचे पेय करून पिण्याची रीत रुजली समुद्रापलीकडच्या येमेनमध्ये. पंधराव्या शतकात तिथले सूफी साधक रात्रीच्या जपाला झोप येऊ नये म्हणून ते पीत. मोखा बंदरातून ही बी जगभर जाऊ लागली. जॉन ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री 1689मध्ये सुरतेस आला होता. तिथले वाणी चहा आणि कॉफी भरपूर पितात, असे त्याने आपल्या प्रवासवर्णनात नमूद केले आहे. सुरत काही आपल्याला परकी नाही. ज्या शतकात शिवाजीमहाराजांनी ती दोनदा लुटली, त्याच शतकात तिथल्या पेढ्यांवर कॉफीचे पेले फिरत होते, हे वाचून मला मोठी गंमत वाटली.

ही बी आपल्या भूमीत रुजली कशी, याची कथा चिकमगळूरकडे सांगतात. बाबा बुडन नावाचे सूफी सत्पुरुष हजहून परतताना येमेनमधून सात बिया लपवून घेऊन आले आणि त्यांनी त्या चंद्रगिरीच्या डोंगरात लावल्या. आजही त्या डोंगराला बाबाबुडनगिरी म्हणतात. दंतकथेत सातच बिया का, हे विचारू नये. सात या आकड्याला सगळ्याच धर्मांत मान आहे. आपल्या महाराष्ट्रातही कॉफीचे मळे आहेत, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. अमरावती जिल्ह्यात, मेळघाटात, सुमारे 1100 मीटर उंचीवरच्या चिखलदऱ्याला कॉफी पिकते.

झाड रुजले, पण खरी विद्या झाडात नाही, भाजण्यात आहे. कच्च्या बुंदाला वास कच्च्या वाटाण्यासारखा, आणि तो दातांनी फुटत नाही. विस्तवावर धरला की आधी त्यातले पाणी उडते आणि दाणा पिवळा पडतो. उष्णतामान 150 अंशांच्या पुढे गेले की दाण्यातली साखर आणि प्रथिने यांचा संयोग होऊन तपकिरी रंग चढू लागतो. बेसनाच्या लाडवाचे बेसन भाजताना जे होते तेच हे. सुमारे 195 ते 200 अंशांना दाण्यातली वाफ कवच फोडून बाहेर पडते आणि लाह्या फुटाव्यात तसा तडतडाट होतो. तो पहिला तडतडाट. पुढे 225च्या आसपास दुसरा होतो, जास्त बारीक, वाळक्या काटक्या मोडल्यासारखा; तोवर दाण्यावर तेल सुटू लागते. त्यापुढे कोळसा. शंभर ग्रॅम कच्च्या बुंदाचे भाजून साधारण 80 ते 85 ग्रॅम होतात, आणि दाणा मात्र फुगून मोठा दिसतो. सारी करामत त्या दोन तडतडाटांच्या मधल्या तीन-चार मिनिटांत आहे.

आरंभी लोक लांब दांड्याच्या लोखंडी पळीत किंवा पसरट तव्यावर हे दाणे भाजीत. सतराव्या शतकाच्या सुमारास दांड्याने फिरवायचे नळकांडे आले. त्यात दाणा सारखा उलटापालटा होई, त्यामुळे एक बाजू काळी आणि एक कच्ची असा प्रकार थांबला. आजींचे माळ्यावरचे नळकांडे हे त्याच वंशातले. युरोपात आणि अमेरिकेत दोनशे वर्षे हे काम घरच्या चुलीवर, घरच्या बायका करीत. आठवड्यातून एकदा कॉफी भाजायची आणि ती कधी करपवायची, असा तो संसार होता.

त्यांच्या हातून हे काम गेले एकोणिसाव्या शतकात. न्यूयॉर्कच्या जेबेझ बर्न्सने 1864मध्ये एका यंत्राचे पेटंट घेतले. भट्टीवरून न उचलता भाजलेले दाणे बाहेर ओतता येतील, अशी त्याची रचना होती. ही सोय क्षुल्लक वाटते, पण कॉफीत सगळा खेळ उतरवण्याच्या क्षणाचा असतो. पोतीच्या पोती एकसारखी भाजता येऊ लागली. पिट्सबर्गच्या जॉन आर्बकलने त्याच दशकात भाजलेली कॉफी कागदी पुड्यांत भरून विकायला काढली; तिचा वास उडू नये म्हणून तो दाण्यांना अंडे आणि साखर यांचा लेप देई. घरोघरची पळी आणि नळकांडे अडगळीत गेले. 1938मध्ये स्वित्झर्लंडच्या नेस्ले कंपनीने पाण्यात विरघळणारी पूड बाजारात आणली, तेव्हा दळणेही गेले. माझ्या लहानपणची बाटली ती हीच.

आपल्याकडे गोष्ट थोडी निराळी घडली. तामिळ मध्यमवर्गात कॉफी शिरली ती विसाव्या शतकाच्या आरंभी. सकाळी भाताची आंबवलेली पेज पिण्याची तिकडची रीत होती. ती मोडून कॉफी आली, तेव्हा मोठा गहजब झाला. कोणी तिची तुलना ताडीशी केली, कोणी घरच्या बायकांना तिचे व्यसन लागते म्हणून लेख लिहिले. ए. आर. वेंकटाचलपती या इतिहासकारांनी ही हकीकत फार रंजकपणे सांगितली आहे. पण एकदा घरात शिरल्यावर कॉफी तिथे धर्मकृत्यासारखी पाळली गेली. दाणे निवडून आणायचे, घरी भाजायचे, घरी दळायचे, पितळी गाळणीतून अर्क उतरवायचा. आजींच्या सासरी-माहेरी हेच चाले.

मुंबईचाही या इतिहासात वाटा आहे. 1930च्या मंदीत कॉफीचा भाव कोसळला, तेव्हा सरकारने 1935मध्ये कायदा करून कॉफीचा प्रसार करणारी एक समिती नेमली, आणि त्या समितीने 1936मध्ये पहिले इंडिया कॉफी हाउस उघडले ते आपल्या चर्चगेटला. 1942च्या कायद्याने कॉफी बोर्ड आले आणि मळेवाल्यांचे सारे पीक एका सामाईक साठ्यात जमा होऊ लागले. ही पद्धत हळूहळू सैल होत 1996मध्ये पूर्ण सुटली. पन्नासाच्या दशकात बोर्डाने कॉफी हाउसे बंद करायला घेतली, तेव्हा नोकरी गेलेल्या कामगारांनी सहकारी संस्था काढल्या; पहिली 1957मध्ये बंगळूरला. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या परिसरात दक्षिणी दुकानांतून दाणे भाजून मिळत, आणि कच्चेही मिळत. आजी कच्चेच घेत. "दुकानदार सगळ्यांसाठी भाजतो," त्या म्हणत, "माझ्या घरासाठी नाही."

आता पुन्हा आमच्या मजल्यावर येऊ. गेल्या वर्षी आजींच्या नातवाने त्यांच्यासाठी घरी कॉफी भाजण्याचे एक विजेचे छोटे यंत्र आणले. मुलगा विजेच्या उपकरणांच्या दुरुस्तीचे रीतसर शिक्षण घेतलेला. यंत्र दिसायला सुबक: खाली तापलेली तार, तिच्यामागे पंखा, वर काचेचे भांडे. पंख्याच्या गरम झोतावर दाणे नाचतात आणि नाचता नाचता भाजतात. ही कल्पना मायकेल सिव्हेट्झ या अमेरिकन रसायन-अभियंत्याची. त्याने 1976मध्ये तिचे पेटंट मिळवले. पुढे तिकडच्या हौशी लोकांना दिसले की मक्याच्या लाह्या फोडण्याचे घरगुती यंत्र नेमके याच तत्त्वावर चालते, आणि त्यांनी त्यातच कॉफी भाजायला सुरुवात केली. एका परीने शंभर वर्षांपूर्वी घराबाहेर गेलेले काम अशा रीतीने घरी परत आले.

पहिला घाणा निघाला आणि आजींनी घोट घेऊन कप खाली ठेवला. "बाहेरून करपली, आतून कच्ची." वास येत नसतानाही जिभेने निकाल दिला होता. दुसरा घाणा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काढला, तोच वेळ लावून. तो आंबट निघाला. नातू चक्रावला. यंत्रावर एकच बटण, तेही मिनिटांचे. मग तोच दाणा, तीच मिनिटे, आणि चव वेगळी का?

त्याने शोधून काढलेले कारण माझ्यासारखीलाही समजले. तारेची उष्णता विजेच्या दाबाच्या वर्गाने बदलते. दाब 230 व्होल्टचा 210 झाला, म्हणजे नऊ टक्क्यांनी उतरला, तर उष्णता सतरा टक्क्यांनी उतरते. 1200 वॉटची तार 1000 वॉटचेच काम करते. संध्याकाळी साऱ्या इमारतीचे दिवे आणि पंखे चालू झाले की आजींची कॉफी कच्ची राहणार! मिनिटे मोजून भाजणे म्हणजे गॅस किती मोठा आहे ते न पाहता घड्याळावर बेसन भाजणे.

मग सुधारणेला सुरुवात झाली. नुसता दाब कमी-जास्त करून भागत नव्हते; कारण तार आणि पंखा एकाच प्रवाहावर होते. उष्णता कमी करावी तर पंखाही मंदावे, दाणे नाचायचे थांबत आणि तळचे जळत. तेव्हा नातवाने दोघांची वाटणी करून दिली. पंख्याला स्वतंत्र पुरवठा, आणि तारेला लॅमिंग्टन रोडवरून आणलेला डिमरस्टॅट, शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेत असतो तो, हाताने फिरवायचा. दाण्यांच्या मधोमध त्याने उष्णतामान मोजणारी एक बारीक जोडतार सोडली. दोन निराळ्या धातूंच्या तारांचा सांधा तापला की वीज निर्माण होते, हे सीबेक याने 1821मध्ये दाखवले. त्यावर हे मोजमाप चालते. यंत्र फार तापले तर प्रवाह तोडणारा मूळचा फ्यूज मात्र त्याने जागच्या जागी ठेवला आणि अर्थिंग पुन्हा तपासून घेतले. वाचकांनी हे वाचून घरी पेचकस घेऊन बसू नये; हे जाणत्याचे काम आहे.

आता आकडा दिसू लागला, पण तो कुठे न्यायचा हे कोण सांगणार? आजी म्हणाल्या, "मला अंश-बिंश ठाऊक नाहीत. नळकांडे काढा."

एका रविवारी सकाळी माळ्यावरचे नळकांडे उतरले, घासूनपुसून गच्चीवर गेले, आणि कोठूनतरी कोळशाची शेगडी पैदा झाली. नातवाने दांड्याच्या पोकळीतून जोडतार आत सोडली. आजी खुर्चीवर बसल्या, हातात चिमटा. दांडा मी फिरवीत होते. समोर डोंगर, मागे मेट्रोचा आवाज, आणि कोळशाचा धूर. आजींना वास येत नव्हता. त्या कान देऊन बसल्या होत्या. दाण्यांचा खळखळ आवाज हळूहळू हलका होत गेला. पाणी उडाले की दाणा हलका वाजतो, हे मला त्यांनी त्या दिवशी सांगितले. अजून एकही लाही फुटलेली नव्हती, आणि आजी अचानक पुढे वाकल्या. त्यांनी चिमट्याने शेगडीतले अर्धे निखारे भराभर एका बाजूला ओढले.

"आजी, आता तर फुटायला लागतील," नातू म्हणाला.

"म्हणूनच," आजी म्हणाल्या. "आता तो आपला आपण तापतो."

नातू आकड्याकडे पाहातच राहिला. शास्त्र तेच सांगते. तडतडाटाच्या सुमारास दाण्यातल्या क्रिया अशा वळणाला येतात की दाणा स्वतःच उष्णता बाहेर टाकू लागतो. विस्तव तसाच ठेवला तर उष्णतामान भरकन चढून दाणा करपतो. आजींनी निखारे ओढण्यापूर्वी पारा मिनिटाला अकरा-बारा अंशांनी चढत होता. त्यानंतर तो चार-पाच अंशांवर आला. लाह्या फुटल्या, थांबल्या, आणि थोड्या वेळाने आजींनी हात वर केला. "बास, उतरव." आकडा 212 होता. दाणे सुपात ओतून आम्ही दोघांनी पाखडून गार केले; उतरवल्यावर गार केले नाही तर आतली धग भाजतच राहते.

चार रविवार हे चालले. चारही वेळा निखारे मागे गेले ते 188 ते 191 अंशांच्या दरम्यान. न पाहता, वास न घेता, नुसत्या कानाने.

त्या नोंदी घेऊन नातू विजेच्या यंत्राकडे परतला. नळकांड्यातले 212 म्हणजे काचेच्या भांड्यातले 212 नव्हे, हे त्याला लवकरच कळले. जोडतार कुठे टेकली आहे आणि झोत कसा वाहतो यावर आकडा फिरतो. म्हणून त्याने पहिल्या तडतडाटाची खूण धरली, वजनातली घट मोजली आणि त्यांवरून आजींचे आकडे नव्या यंत्राच्या भाषेत आणले. पूर्वी जे पाच मिनिटांत उरकत होते ते आता दहा मिनिटे चालू लागले. पुढे डिमरस्टॅटच्या जागी त्याने आपोआप नियंत्रण करणारी एक पेटी बसवली. तिचाही इतिहास मोठा मौजेचा आहे. निकोलस मिनोर्स्की याने 1922मध्ये जहाजाचे सुकाणू आपोआप चालावे म्हणून जे गणित मांडले, ते त्याने सुकाणूवरच्या खलाशांना निरखून मांडले. कसलेला खलाशी जहाज आता किती भरकटले आहे एवढेच पाहात नाही. ते किती काळ भरकटत आले आहे आणि किती वेगाने वळते आहे, हेही मनात धरून हात फिरवतो. कॉफीच्या पेटीत आज तेच गणित आहे. गच्चीवर चिमटा घेऊन बसलेल्या आजींचा हातही तसाच चालत होता, एवढे मला ते वाचताना दिसले.

आजींनी नव्या यंत्रातली कॉफी पहिल्यांदा प्यायली तेव्हा मी तिथे होते. पितळी डबऱ्यात ओतून, खालीवर करून, फेस आणून दिली. त्यांनी दोन घोट घेतले. "कडू बरोबर. आंबट बरोबर," त्या म्हणाल्या. मग नातवाकडे वळून विचारले, "वास कसा आहे?"

त्याला उत्तर देता येईना. तो वास आजींच्या घरातला होता; त्याने लहानपणी तो घेतला असेल, पण त्याला तो आठवत नव्हता. मला तर ठाऊकच नव्हता. शेवटी त्याने माटुंग्याला राहणाऱ्या आपल्या थोरल्या आत्याला बोलावले. आत्या दारातून आत आल्या, चप्पल काढता काढता थांबल्या आणि म्हणाल्या, "आई, आज तू भाजलीस?"

आजी काही बोलल्या नाहीत. त्यांनी मला खूण केली आणि नातवाच्या वहीकडे बोट दाखवले. मी वही घेतली. पहिल्या पानावर अंश आणि मिनिटे होती. त्याखाली रिकाम्या जागेत, त्या सांगतील तसे, मी लिहीत गेले: दाणा हलका वाजू लागला की सावध व्हावे. पहिली लाही फुटण्याआधी विस्तव मागे ओढावा. गडबड करू नये.

या दिवाळीत आमच्या मजल्यावर पाहुण्यांना चहा मिळणार नाही. कोणी दिंडोशीला आलात, तर जरा लवकर या. यंत्र एका वेळी फक्त दीडशे ग्रॅम भाजते, आणि आजी पहिला कप अजून स्वतः चाखल्याशिवाय कोणाला देत नाहीत.